कार्ड बदलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) एखाद्या कारखान्याचा ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र, बंद पडला की दोन वाटा असतात. कंपनीचा माणूस बोलावला, तर तो कार्ड (आतली सर्किटची पाटी) काढतो, नवं बसवतो आणि बिल ठेवून जातो. तोच ड्राइव्ह उचलून रिपेअरवाल्याकडे नेला, तर तो आधी फुगलेले कपॅसिटर शोधतो, मग आयजीबीटी (वीज चालू-बंद करणारा स्विच) मीटरवर तपासतो, त्याला इशारा देणाऱ्या गेट ड्रायव्हरपर्यंत मागे मागे जातो आणि उडालेला एखादा भाग बदलून तेच कार्ड पुन्हा उभं करतो. कारखान्याला दोन्ही वाटा चालतात. सैन्याला मात्र पहिल्या वाटेवर विसंबून राहता येत नाही. कंपनीचा माणूस लढाईच्या आठवड्यात येईल अशी खरी हमी कोणताच करार देऊ शकत नाही, आणि नवं कार्ड ज्या देशातून यायचं त्या देशाचा निर्यात परवाना आपल्या हातात नसतो.

संरक्षणसामग्रीतली स्वदेशी आपण टक्क्यांत मोजतो. ती दुरुस्तीत मोजायला हवी, असं माझं म्हणणं आहे. रडार, रेडिओ, ड्रोन, विमानातला संगणक, काहीही घ्या. त्यातलं कार्ड बिघडल्यावर आपला तंत्रज्ञ आपल्या टेबलावर, आपल्या हाताशी असलेल्या विद्युत नकाशावरून (सर्किटच्या आकृतीवरून), घटकाच्या पातळीवर, म्हणजे नेमका बिघडलेला सुटा भाग बदलून, ते दुरुस्त करू शकतो का? त्यातलं सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली, तर आपला माणूस ते बदलून पुन्हा भरू शकतो का? दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर ती वस्तू जोडली कुठे आणि तिच्यावर शिक्का कुणाचा आहे, याला फार अर्थ उरत नाही.

संरक्षण खरेदी प्रक्रिया २०२० मध्ये सर्वांत वरच्या वर्गाला, म्हणजे देशातच संकल्पना, विकास आणि उत्पादन झालेल्या सामग्रीला, किमान ५० टक्के स्वदेशी घटकांची अट आहे. हे टक्के किमतीवर काढले जातात. किमतीवर काढायचे म्हटलं की जड वस्तू पुढे येतात: गाडी, मास्ट, कॅबिनेट, केबल, जनरेटर. एखाद्या संचाचा मेंदू असलेला एफपीजीए (हवं ते सर्किट आत भरता येणारी चिप) त्या हिशेबात काही हजार रुपयांची एक ओळ होऊन जातो, आणि त्यात भरलेली बिटस्ट्रीम, म्हणजे त्या सर्किटची आखणी असलेली फाइल, तर कोणत्याच ओळीत येत नाही. संच बंद पडतो तो अनेकदा या न मोजलेल्या ओळींमुळे.

हे बडोद्यात बोलायला कारण आहे. सी-२९५ वाहतूक विमानांचा करार सप्टेंबर २०२१ मध्ये झाला. एकूण ५६ विमानं, किंमत सुमारे २१,९३५ कोटी रुपये. १६ स्पेनमधून उडत आली, ४० इथे बडोद्यात बनणार. कारखान्याचं उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ ला झालं. सरकारने दिलेल्या माहितीनुसार विमानाचे १३,४०० सुटे भाग, ४,६०० उपजोडण्या आणि सातही मुख्य जोडण्या भारतात होणार आहेत. हे मोठं काम आहे आणि त्याचा अभिमान वाटायलाच हवा. पण त्याच माहितीत असंही म्हटलं आहे की इंजिनं, लँडिंग गिअर, एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) यांसारख्या प्रणाली एअरबस पुरवणार आणि इथे त्या विमानात बसवल्या जाणार. पत्रा, रिव्हेट आणि जोडणी आपली. ज्या डब्यांवर विमानाची नजर आणि कान अवलंबून आहेत ते बंद डबे बहुतेक बाहेरचे. पहिल्या टप्प्यात याला इलाज नव्हता हे मान्य. पुढची तीस-पस्तीस वर्षं ते डबे बंदच राहणार का, हा खरा प्रश्न आहे.

कार्ड बिघडतं कसं, ते जरा नीट पाहू, कारण धोरणावरच्या चर्चेत हा भाग नेहमी गाळला जातो.

बाजारातली साधी चिप ० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत चालावी अशी बनवलेली असते, औद्योगिक दर्जाची उणे ४० ते ८५, आणि लष्करी दर्जाची उणे ५५ ते १२५. चिप बरोबर निवडली तरी भोवतालचे घटक दगा देतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. जैसलमेरला उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत हा हिशेब फार भराभर संपतो. लडाखमध्ये उलट होतं. कपॅसिटरमधला द्रव घट्ट होतो, त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि पॉवर सप्लाय उठतच नाही. सकाळी संच बंद असतो, दुपारी ऊन आलं की चालू होतो. कार्ड काढून मागे पाठवलं जातं. मागच्या वर्कशॉपात २५ अंशांना ते लावून पाहतात, ते उत्तम चालतं, अहवालात ‘दोष आढळला नाही’ असं लिहून परत पाठवतात आणि पुढच्या थंडीत तेच कार्ड पुन्हा त्याच जागी बंद पडतं. हा दोष सापडायला थंड पेटी लागते: कार्ड उणे ४० अंशांना दोन तास ठेवायचं, मग थंड असतानाच वीज द्यायची आणि ऑसिलोस्कोपवर व्होल्टेज कसं चढतं ते पाहायचं. आपल्याकडच्या जेएसएस ५५५५५ या मानकात थंडी, उष्णता, कंप, क्षारयुक्त दमट हवा अशा चाचण्या दिलेल्या आहेत. नवी सामग्री घेताना त्या कसोशीने होतात. दुरुस्त केलेल्या कार्डाला मात्र निदान थंडी आणि कंप या दोन चाचण्यांतून पुन्हा काढायलाच हवं, आणि नेमकं तिथेच अंग चोरलं जाण्याची भीती असते.

दुसरा शत्रू शिशाशिवायचं कथील. युरोपात १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक्समधून शिसं हद्दपार झालं, त्यामुळे जगभरचे सुटे भाग शुद्ध कथिलाचा मुलामा देऊन येऊ लागले. शुद्ध कथिलातून केसापेक्षा बारीक धातूचे तंतू आपोआप वाढतात आणि चिपेच्या शेजारच्या पायाला चिकटून शॉर्ट करतात. थोडं शिसं मिसळलं की ही वाढ बरीच आटोक्यात राहते, म्हणूनच लष्करी आणि अवकाश क्षेत्राने शिसं सोडलेलं नाही. दुरुस्ती करणाऱ्याला ही मिसळ माहीत असावी लागते. ६३-३७ चं जुनं सोल्डर १८३ अंशांना वितळतं; शिशाशिवायचं सुमारे २१७ ते २२० ला. कोणत्या कार्डावर कोणतं आहे हे न बघता तापवलं, तर एक तर सांधा कच्चा राहतो, नाही तर बोर्डावरचा तांब्याचा पॅड उचकटतो.

तिसरी गोष्ट कार्डावरचं लेपण. दमट हवेपासून वाचवायला कार्डावर पारदर्शक थर देतात. अ‍ॅक्रिलिकचा असेल तर द्रावकाने निघतो. पॅरिलीनचा असेल तर द्रावकाला दाद देत नाही, बारीक भुकटीच्या झोताने घासून काढावा लागतो. कंपनीने लेपणाचं नाव सांगितलं नसेल, तर दुरुस्तीचा पहिला तास यातच जातो आणि कधी कधी कार्डही जातं. पायांऐवजी पोटाखाली सोल्डरच्या गोळ्या असलेल्या बीजीए चिपा तर आणखी नाजूक. त्या हवेतला ओलावा शोषतात. पाकीट फोडल्यावर ठरावीक तासांत बसवल्या नाहीत तर आधी भट्टीत भाजून कोरड्या कराव्या लागतात. ते विसरलं की तापवताना आतली वाफ चिपेला तडा देते, आणि तो तडा वरून दिसत नाही.

एवढं सगळं आघाडीवरच्या तंबूत करा, असं कुणी शहाणा म्हणणार नाही. तिथे बंद डबा काढून चांगला डबा लावायचा, हेच बरोबर. पुढे लाइट एड डिटॅचमेंट (तुकडीसोबतचं छोटं दुरुस्ती पथक), त्यामागे फील्ड वर्कशॉप, सर्वांत मागे बेस वर्कशॉप, अशी उतरंड सैन्यात याचसाठी आहे. वाद आहे तो काढलेला डबा पुढे कुठे जातो यावर.

साधा हिशेब करू. समजा, एका प्रकारच्या रडारचे चाळीस संच आहेत आणि त्यातलं एक कार्ड महिन्याला दोन या गतीने बिघडतं. ते परदेशी कंपनीकडे पाठवून परत यायला नऊ महिने लागत असतील, तर कोणत्याही दिवशी १८ कार्डं वाटेवर किंवा कंपनीच्या टेबलावर असणार. म्हणजे जास्तीची १८ कार्डं विकत घेऊन ठेवा, किंवा तेवढे संच आंधळे ठेवा. तेच कार्ड देशात तीन आठवड्यांत दुरुस्त होत असेल, तर वाटेवर एक-दोन. जास्तीची कार्डं न घेतल्यास पुढे काय घडतं, ते प्रत्येक वर्कशॉपला ठाऊक आहे: बंद पडलेल्या संचातले चांगले भाग काढून दुसरा संच जगवायचा. पहिल्या वेळी हे चातुर्य वाटतं. प्रत्येक काढ-घालीत कनेक्टरच्या पिना झिजतात, आणि दोन वर्षांनी सांगाड्यात काय शिल्लक आहे याची नोंदही धड राहत नाही.

यावर चिपांच्या वयाची भर पडते. तोफ, रणगाडा, विमान तीस-चाळीस वर्षं चालतं. बाजारातली चिप त्याच्या कितीतरी आधी बनणं बंद होते. मग खरेदी अधिकारी दलालाकडे वळतो आणि तिथे बनावट माल शिरतो. अमेरिकी सिनेटच्या सशस्त्र सेना समितीने मे २०१२ मध्ये अहवाल दिला. त्यात संशयित बनावट भागांची सुमारे १,८०० प्रकरणं होती, सुट्या भागांची संख्या दहा लाखांवर, आणि ज्यांचा माग काढला गेला त्यांतल्या बहुतेकांचा तो चीनपर्यंत गेला. पद्धत साधी होती. भंगारातले बोर्ड तापवून चिपा उपटायच्या, धुवायच्या, वरचा छाप घासून काढायचा, काळा थर द्यायचा आणि नव्या तारखेचा, वरच्या दर्जाचा छाप मारायचा. अशी चिप टेबलावर चालते, थंडीत किंवा कंपात दगा देते. द्रावकाचा बोळा फिरवून छाप पुसतो का पाहणं, एक्स-रे खाली आतल्या तारा ताडणं, खात्रीच्या नमुन्याशी विद्युत वक्र जुळवणं या तपासण्या महाग नाहीत. पण ताडायला खात्रीचा नमुना हवा, आणि तो मूळ घटकसूची हातात असेल तरच मिळतो.

उपाय जुना आहे: चिप बंद होण्याची नोटीस आली की आयुष्यभराचा साठा एकदम घेणं. २०० रेडिओ, प्रत्येकात चार चिपा, वर्षाला ३ टक्के बिघाड, २० वर्षं असं धरलं तर ४८० चिपा होतात. हाताळणीतली नासाडी धरून ६०० घ्याव्यात. त्या ओलावा शोषणारी पुडी आणि आर्द्रता दाखवणारं कार्ड घालून, हवाबंद पाकिटात, कोरड्या नायट्रोजनच्या कपाटात ठेवायच्या, नाहीतर पाय काळे पडून सोल्डर धरत नाहीत. पण कोणती चिप कुठे आहे हेच आपल्याला सांगितलेलं नसेल, तर ती नोटीस आपल्यापर्यंत पोचणारच नाही. ती मूळ कंपनीकडे जाईल, आणि ती कंपनी आपल्याला जुना संच टाकून नवा विकत घ्या असं सुचवेल.

सॉफ्टवेअरचा मुद्दा याहून कठीण आहे. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियात धहरान इथे, येणारं क्षेपणास्त्र हवेतच पाडणाऱ्या पॅट्रियट क्षेपणास्त्रांची तुकडी असूनही इराकी स्कड क्षेपणास्त्र बराकीवर पडलं आणि २८ अमेरिकी सैनिक मारले गेले. रडार ठीक होतं, क्षेपणास्त्रं ठीक होती. संगणक वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत होता आणि दहावा भाग द्विमान पद्धतीत २४ बिटांत नेमका बसत नाही. दर टिकटिकीला अगदी किंचित चूक. सलग १०० तास संच चालू राहिल्यावर ती ०.३४ सेकंद झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जातं, त्यामुळे संगणकाने आकाशाच्या चुकीच्या तुकड्यात पाहिलं आणि तिथे काहीच नाही असं ठरवलं. दोष आधीच लक्षात आला होता. सुधारित सॉफ्टवेअर १६ फेब्रुवारीला तयार होतं. धहरानला ते पोचलं २६ तारखेला, दुसऱ्या दिवशी. फार वेळ सलग चालवू नका, अशी सूचनाही आधी गेली होती, पण फार वेळ म्हणजे किती तास ते तिच्यात लिहिलेलं नव्हतं.

त्यांचा कोड त्यांच्याच घरात होता, तरी दहा दिवस लागले. ज्याचा कोड दुसऱ्या देशात आहे, ज्याला दोष कळवायलाही कंपनीच्या तक्रार-पोर्टलवर अर्ज भरावा लागतो, त्याला किती लागतील?

आज हा वेग आणखी वाढला आहे. मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरमध्ये पाकिस्तानने एका रात्रीत ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचं कर्नल सोफिया कुरेशी यांनी ९ मे रोजी सांगितलं. त्या मूळच्या बडोद्याच्या, सयाजीराव विद्यापीठात शिकलेल्या, आणि सिग्नल्स कोरच्या अधिकारी. ड्रोनच्या लढाईत रेडिओची वारंवारता, एका वारंवारतेवरून दुसरीवर उड्या मारण्याचा क्रम, उपग्रहाचा संकेत गेल्यावर काय करायचं हे नियम, सगळं सतत बदलावं लागतं. उपग्रहाकडून येणारा संकेत जमिनीवर इतका क्षीण असतो की काही वॅटचा जॅमर किलोमीटरभर परिसर बंद पाडू शकतो. युक्रेनमध्ये जॅमिंगला उत्तर म्हणून दोन्ही बाजूंनी ड्रोनमागे काचेच्या बारीक तंतूंचं रीळ सोडायला सुरुवात केली. अशा लढाईत ड्रोन हे खपणारं सामान आहे, ते दुरुस्त कशाला करायचं, असा प्रश्न विचारला जातो. बरोबर आहे, मोडका पंखा कुणी सांधत बसत नाही. पण कोठारात पडलेले हजार ड्रोन शत्रूने नवा जॅमर आणल्यावर एका रात्रीत नव्याने भरता आले पाहिजेत. फ्लाइट कंट्रोलरचं फर्मवेअर (उड्डाण सांभाळणाऱ्या कार्डातलं सॉफ्टवेअर) बंद असेल, नवं सॉफ्टवेअर आत घेणाऱ्या बूटलोडरची डिजिटल किल्ली दुसऱ्याकडे असेल, तर ते हजार ड्रोन म्हणजे हजार डबे. चिनी भाग आढळल्यामुळे फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ४०० ड्रोनचे करार रद्द केले. ते योग्यच केलं. पण भाग चिनी नाही म्हणजे किल्ली आपली आहे, असं होत नाही.

मग काय करावं? सामग्री स्वीकारताना एक प्रत्यक्ष परीक्षा असावी. पुरवठादाराच्या अभियंत्याने नव्हे, आपल्या तंत्रज्ञाने द्यायची. परीक्षकाने संचातलं एक कार्ड गुपचूप बिघडवायचं: एका रोधाची जोडणी तोडायची, एखादी चिप मारून टाकायची. तंत्रज्ञाच्या हातात पूर्ण विद्युत नकाशा, घटकसूची, प्रत्येक चाचणीबिंदूवरचं अपेक्षित व्होल्टेज आणि चाचणी जिग (कार्ड बसवून तपासायची चौकट) द्यायची, आणि ठरलेल्या वेळात दोष शोधून, भाग बदलून, लेपण पुन्हा देऊन, थंडी-कंपातून कार्ड पास करून दाखवायचं. सॉफ्टवेअरचीही तशीच. नुसता सोर्स कोड डीव्हीडीवर मिळून भागत नाही. नेमका तोच कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम), त्याची लायब्ररी, त्याचा परवाना, आणि जुन्या विंडोजवरच चालत असेल तर ते यंत्रसुद्धा हवं. आपल्या माणसाने आपल्या खोलीत कोड बांधायचा आणि निघालेली फाइल संचातल्या फाइलशी बिट-बिट जुळली पाहिजे. बांधताना तारीख-वेळ फाइलमध्ये शिरत असेल तर जुळणार नाही, म्हणून ती गोठवण्याची सोय पुरवठादारानेच द्यायची. जुळली नाही तर शेवटचा हप्ता नाही.

पैसे वाढतील, हा पहिला आक्षेप. वाढतीलच. नकाशे आणि कोड यांची किंमत पुरवठादार लावणार. ती किंमत करार करताना, तीन पुरवठादार स्पर्धेत असताना मागावी. वीस वर्षांनी एकच विकणारा उरल्यावर मागून मिळत नाही. जगात सर्वांत जास्त पैसा मोजणारं अमेरिकेचं सैन्यही यात अडकलं होतं. ३० एप्रिल २०२५ ला त्यांच्या संरक्षणमंत्र्यांनी करारांत दुरुस्तीचा हक्क घालण्याचे आदेश लष्कराला दिले.

दुसरा आक्षेप माणसांचा, आणि तो मला खरोखर जड वाटतो. जवान सूक्ष्म सोल्डरिंग शिकतो, हात बसायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि मग त्याची बदली होते. बडोद्यात फतेगंजच्या बाजूला सैन्याचं ईएमई (विद्युत आणि यांत्रिक अभियांत्रिकी) स्कूल आहे. तिथलं अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढवलेलं, १९६६ मध्ये बांधलेलं दक्षिणामूर्तीचं मंदिर शहराला माहीत असतं, पण शेजारच्या वर्गांत सैन्याच्या यंत्रांची दुरुस्ती शिकवली जाते हे अनेकांच्या ध्यानात नसतं. तिथलं शिक्षण उत्तम असलं, तरी बदलीच्या चक्रात कौशल्य विरतं. म्हणून घटक-पातळीची दुरुस्ती ही न हलणाऱ्या नागरी कारागिरांची शाखा हवी. त्यांना पगाराची चढती पायरी हवी आणि दर दोन वर्षांनी हाताची परीक्षा हवी.

आणि इथेच मकरपुऱ्याचा माणूस कामाला येतो. ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर, रिफायनरी, खतं, औषधं या सगळ्या उद्योगांनी बडोद्यात पॉवर सप्लाय आणि कंट्रोल कार्डं दुरुस्त करणारे हात तयार केले आहेत. सैन्याच्या कार्डांतला मोठा हिस्सा गुप्त नसतोच: पॉवर सप्लाय, चार्जर, मोटर ड्राइव्ह, डिस्प्ले. ती बाहेर द्यायला हरकत नसावी. ज्यात मेमरी आहे त्यांची मेमरी चिप वर्कशॉपातच काढून घ्यायची, कार्ड दुरुस्त होऊन आलं की पुन्हा बसवायची. बाहेर जाताना प्रत्येक कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो आणि एक्स-रे, परत आल्यावर पुन्हा तोच, म्हणजे नको तो भाग घुसला नाही हे ताडता येतं. गुप्ततेच्या नावाखाली साधा चार्जरसुद्धा परदेशी पाठवायचा आणि आपल्याच शहरातल्या माणसाला दाखवायचा नाही, हे मला अजिबात पटत नाही.

पुस्तकांची भाषा हाही या कामाचा भाग आहे. याच शहरात १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं, ते कारागिराला त्याच्या भाषेतून तंत्रविद्या मिळावी म्हणून. तिथे जे तेव्हा उमगलं, ते दुरुस्तीच्या पुस्तिकांत अजून उमगलेलं नाही. दोष शोधण्याचा वृक्ष, म्हणजे हे व्होल्टेज नसेल तर इकडे जा, असेल तर तिकडे जा, हा तंत्रज्ञ ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत लिहिला तर चुका कमी होतात. करारात पुस्तिका हिंदीत आणि प्रादेशिक भाषांत देण्याची अट घालायला फारसा खर्च नाही.

सी-२९५ च्या करारात पुरवठा पूर्ण होण्याआधी विमानाच्या सर्वांत खोल पातळीच्या दुरुस्तीची सोय भारतात उभी करण्याची तरतूद आहे. त्या सोयीत एव्हिऑनिक्सचे डबे उघडण्याचं टेबल असेल, की ते डबे फक्त खोक्यात भरून पाठवण्याचं टेबल असेल, हे आता ठरवता येतं. त्यासाठी लागणाऱ्या जिगांची, नकाशांची आणि थंड पेट्यांची यादी चाळिसावं विमान बाहेर पडायच्या आधी, हप्ते अजून आपल्या हातात असताना, पुरवठादारासमोर ठेवली गेली पाहिजे.